मणक्याची नळी अरुंद झाल्यास काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

कमरेच्या मणक्यातील नळी अरुंद झालेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा सगळे असते: एमआरआयची मोठी फिल्म, तीन-चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, कमरेचा पट्टा आणि अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे. किती अंतर चालल्यावर पाय भरून येतात आणि किती वेळ बसल्यावर ते मोकळे होतात, याची नोंद मात्र नसते. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत भौतिकोपचाराचे काम करताना मला वारंवार दिसले आहे की, आपली माणसे उपचार टाळत नाहीत, उपचारांचा क्रम चुकवतात. आधी इंजेक्शन, मग फिल्म, मग पट्टा, मग कर्ज काढून शस्त्रक्रियेची चौकशी, आणि नीट तपासणी सगळ्यांत शेवटी, असे होते. तो क्रम कसा असावा, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

पाठीच्या मणक्यांमधून वरपासून खालपर्यंत हाडांची एक नळी जाते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नळीतून उतरतो आणि साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पायांकडे, मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो. वय वाढते तशी दोन मणक्यांमधील चकती दबून मागे फुगते, मणक्यांच्या सांध्यांची हाडे जाड होतात, नळीच्या मागच्या बाजूचा अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतो, आणि कधी कधी एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकतो. या सगळ्यामुळे नसांची जागा कमी होते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये हे सर्वाधिक आढळते. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते आणि त्यांना त्रास लवकर सुरू होतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. माणूस ताठ उभा राहिला किंवा मागे झुकला की ही नळी आणखी आवळते, आणि पुढे वाकला किंवा बसला की थोडी मोकळी होते.

‘मणक्यात गॅप आला’ हा आपल्याकडचा सर्रास शब्द येथे फार घोळ करतो. ऐकणाऱ्याला वाटते की दोन हाडांमध्ये फट पडली आहे आणि ती दाबून किंवा पट्टा आवळून बुजवायची आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. एक्स-रेमध्ये मणक्यांमधील अंतर कमी झालेले दिसते. म्हणून ‘गॅप’ भरून काढण्याच्या नावाखाली कोणी पाठ दाबत असेल, मोडत असेल किंवा उसण भरल्यावर करतात तसे पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यायला सांगत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा. आधीच चेपलेल्या नसांना तो मार सोसत नाही.

टप्पा १: धोक्याची लक्षणे पहिल्याच दिवशी तपासावीत

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे. तो ओलांडल्याशिवाय पुढचा एकही टप्पा सुरू करू नये. घरच्या माणसाने रुग्णाला पुढील गोष्टी नीट, न लाजता विचाराव्यात. लघवी अडते का, किंवा लागल्याचे कळेनासे झाले आहे का? शौचावरचा ताबा सुटला आहे का? सायकलच्या सीटवर बसताना जो भाग टेकतो, तेथे बधिरपणा आहे का? पाऊल अचानक लटके पडू लागले आहे का? दोन्ही पायांतील ताकद काही दिवसांत झपाट्याने कमी झाली आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच दिवशी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशा मोठ्या रुग्णालयात जावे. सोयाबीनची सोंगणी आटोपू द्या, मग बघू, असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. वयस्क पुरुषांत लघवी अडली की ती प्रोस्टेटचीच तक्रार समजली जाते. पायांची तक्रार सोबत असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दुसरा गट थोडा संथ, पण तितकाच गंभीर असतो. संध्याकाळी अंगात ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे असेल, तर मणक्याचा क्षयरोग, गाठ किंवा हाड मोडणे यांचा विचार आधी करावा लागतो. अशा रुग्णाने व्यायाम सुरू न करता काही दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे.

सावधान: शर्टाची बटणे लावणे, डाळीतील खडे वेचणे, सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले असेल आणि चालताना तोल जात असेल, तर अडचण कमरेत नसून मानेतील नळीत असू शकते. तेथे थेट मज्जारज्जूवर दाब येतो. अशा रुग्णाने मान चोळून घेऊ नये, डोक्यावर ओझे घेऊ नये, या लेखातील व्यायाम करू नयेत आणि मणक्याच्या तज्ज्ञाला लवकरात लवकर भेटावे.

टप्पा २: त्रास याच नळीचा आहे का, हे ओळखावे

सर्वाधिक चुका येथे होतात. कापूस वेचणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. दिवसभर ओटी बांधून ती किंचित वाकून पात धरते आणि तिला फारसे काही होत नाही. संध्याकाळी मात्र गाठोडे डोक्यावर घेऊन, ताठ मानेने, वावरातून गावाकडे निघाली की पाचव्या-सातव्या विजेच्या खांबापाशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, पायात मुंग्या येतात, पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. ती गाठोडे उतरवून बांधावर बसते, गुडघ्यांवर कोपरे टेकते आणि पाच मिनिटांत पुन्हा चालू लागते. घरचे म्हणतात, दिवसभर वाकून काम करते म्हणजे कंबर धडधाकट आहे, गुडघेच गेले असतील. म्हणून दोन वर्षे गुडघ्यांवर तेल आणि मलम चोळले जाते. प्रत्यक्षात वाकल्यावर आराम आणि ताठ चालल्यावर त्रास, हीच अरुंद नळीची सर्वांत बोलकी खूण आहे.

आता या त्रासासारख्या दिसणाऱ्या इतर तक्रारी वेगळ्या काढाव्यात.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण तो रुग्ण नुसता उभा राहिला तरी दोन-तीन मिनिटांत बरा होतो, त्याला बसावे किंवा वाकावे लागत नाही. नळीच्या रुग्णाला नुसते उभे राहून आराम पडत नाही. सायकलवर हा फरक चांगला दिसतो: पुढे वाकून सायकल चालवताना नळीच्या रुग्णाला सहसा त्रास होत नाही, रक्तवाहिनीच्या रुग्णाला होतो. चढ आणि उतारही पाहावा. चढताना अंग आपोआप पुढे झुकते म्हणून नळीच्या रुग्णाला चढ सोपा जातो आणि उतार जड. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते का, पाऊल गार आहे का, जखमा भरत नाहीत का, हेही तपासून घ्यावे. विडी, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किंवा मधुमेह असलेल्या माणसात हे दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

मधुमेहामुळे किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे होणारी जळजळ दोन्ही तळव्यांत असते, रात्री वाढते आणि बसल्याने जात नाही. गुडघ्याच्या झिजेत उठल्यानंतरची पहिली पावले कठीण जातात. नळीच्या रुग्णाची पहिली पावले सोपी असतात, त्रास नंतर येतो. खुब्याचा सांधा खराब असेल तर जांघेत दुखते आणि मांडी घालून बसता येत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या तरुणाची कंबर किंवा खुबा दुखत असेल, तर आधी हाडांचा आणि खुब्याचा विचार व्हावा.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की अस्थिबंध हाडासारखे कडक होतात आणि मणक्याची नळी, कधी मानेपासून कमरेपर्यंत, आवळली जाते. दातांवर तपकिरी डाग, मान आणि पाठ लाकडासारखी ताठ, आणि एकाच वस्तीत अशी अनेक माणसे दिसत असतील, तर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावे आणि ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची तपासणी करून घ्यावी.

तपासून घ्यावे: भिंतीचा आधार घेऊन पाच पावले टाचांवर आणि पाच पावले चवड्यांवर चालता येते का? पायातील चप्पल नकळत निसटते का? एका पायाचे जमत नसेल, तर ती तारीख लिहून ठेवावी आणि तज्ज्ञाची भेट लांबवू नये.

टप्पा ३: दोन आठवडे चालण्याची नोंद ठेवावी

धोक्याची लक्षणे नसतील, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची सर्वांत मोलाची तयारी हीच आहे. रोज एकाच वेळी, एकाच सपाट रस्त्याने चालावे. पाय भरू लागले ते किती मिनिटांनी किंवा कितव्या खांबापाशी, कोणत्या पायात, मांडीच्या मागे की पोटरीत, आणि बसल्यावर किती वेळाने मोकळे झाले, एवढेच दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावे.

लिहिता न येणाऱ्यांसाठी दारव्हा तालुक्यातील एका आजींनी शोधलेली पद्धत मी आता सर्वांना सांगतो. त्या घरातून निघताना कमरेच्या पिशवीत तुरीचे मूठभर दाणे घेत आणि वावरापर्यंत जितक्या वेळा बसावे लागे तितके दाणे पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात टाकत. रात्री नातू ते मोजून तारखेपुढे आकडा लिही. ‘फार त्रास होतो’ या वाक्यावरून मला काहीच ठरवता आले नसते. जूनमध्ये तीन दाणे आणि ऑक्टोबरमध्ये सात, एवढ्यावरून मात्र सारे स्पष्ट झाले.

टप्पा ४: तपासणीला जाण्याची तयारी

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करावी आणि तेथून संदर्भचिठ्ठी घ्यावी. पुढे नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि नागपूरच्या मिहान भागातील एम्स ही ठिकाणे आहेत. चालू असलेल्या सर्व गोळ्या पाकिटांसह न्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची गोळी आणि कोणी दिलेली बिननावाची पुडीही त्यात असावी. सैल कपडे घालावेत, म्हणजे पाय आणि पाठ नीट तपासता येते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये आहे. कोणता उपचार त्यात बसतो, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावरून भरती होण्याआधी विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

डॉक्टरांनी पायांची ताकद, बधिरपणा, गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके (छोट्या हातोडीने ठोकून पाहतात ते), पावलांची नाडी आणि खुबे तपासले का, याकडे घरच्या माणसाने लक्ष द्यावे. तपासणी न करता थेट फिल्मची चिठ्ठी मिळाली, तर ‘जरा पाय तपासून घ्या’ असे नम्रपणे म्हणण्यास काहीच हरकत नाही.

टप्पा ५: एक्स-रे आणि एमआरआय

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, नसा दिसत नाहीत. मणका सरकला आहे का आणि वाकताना तो हलतो का, हे उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमधून कळते. नसांवर कोठे आणि किती दाब आहे, हे एमआरआय दाखवतो. त्रास सौम्य असेल आणि पायांत ताकद असेल, तर एमआरआयवाचूनही पुढचा टप्पा सुरू करता येतो. इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, धोक्याची लक्षणे असतील किंवा निदानच शंकास्पद असेल, तेव्हा तो हवाच. पेसमेकर, पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण असेल, तर आत जाण्यापूर्वी सांगावे. सपाट झोपल्यावर पाय दुखत असतील, तर गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी.

अहवालातील ‘सिव्हिअर’ हा शब्द वाचून अनेक घरांत चूल पेटत नाही, हे मी पाहिले आहे. साठीनंतर ज्यांना कसलाही त्रास नाही अशा कित्येक माणसांच्या फिल्ममध्येही नळी अरुंद दिसते. म्हणून फिल्ममधील जागा आणि रुग्णाच्या तक्रारीची जागा जुळते का, हे पाहावे लागते. निर्णय नोंदवहीवरून आणि तपासणीवरून घ्यावा. फिल्मने त्या निर्णयाला दुजोरा द्यावा.

टप्पा ६: पहिले तीन महिने

लघवी-शौचाची तक्रार नसेल आणि पायांतील ताकद कमी होत नसेल, तर येथूनच उपचाराला सुरुवात होते. अनेकांचा त्रास वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, काहींचा कमी होतो. एकदम बळावणे विरळ आहे. घाईचे कारण नाही, मात्र नियमितपणा हवा.

*कामाची मांडणी.* विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. त्याने पायांचे स्नायू सुकतात आणि चालणे आणखी घटते. काम सोडण्याऐवजी तुकड्यांत करावे. पाय भरून येण्याची वाट न पाहता दर वीस-तीस मिनिटांनी बसावे आणि कोपरे गुडघ्यांवर टेकून दोन मिनिटे पुढे झुकावे. डोक्यावरचे ओझे पूर्ण बंद करावे. गाठोडे बंडीवर किंवा सायकलवर टाकावे. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर १६ किलोंहून अधिक वजन येते; तो अर्धाच भरावा, आणि घरात दुसरे कोणी असेल तर त्याने घ्यावा. चुलीपाशी किंवा ओट्यापाशी उभे राहायचे असेल, तर एक पाय विटेवर ठेवावा आणि काही मिनिटांनी पाय बदलावा. झोपताना कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, किंवा पाठीवर झोपून गुडघ्यांखाली घ्यावी.

येथे एक गैरसमज होतो. वाकल्याने बरे वाटते म्हणून काही जण वाकून पोती उचलू लागतात. वाकणे वेगळे आणि वाकून वजन उचलणे वेगळे; दुसऱ्याने चकतीवर मोठा ताण येतो आणि जुन्या दुखण्यात नव्याची भर पडते.

*व्यायाम.* सकाळी उठल्याबरोबर करू नयेत. अर्धा तास घरात वावरल्यानंतर, रिकाम्या किंवा हलक्या पोटी करावेत. झोळ पडलेली बाज चालत नाही. जमिनीवर सतरंजी अंथरावी. खाली बसता-उठता येत नसेल, तर लाकडी दिवाणावर करावेत. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिला व्यायाम: पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, पावले टेकवावीत आणि एक तळहात कमरेखालच्या पोकळीत सरकवावा. आता पोट आत ओढून कंबर त्या हातावर दाबावी. हात दबल्याचे जाणवले की व्यायाम बरोबर होत आहे. मोठ्याने पाच आकडे मोजावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. दहा वेळा करावे. हा एक व्यायाम नीट जमेपर्यंत पुढे जाऊ नये. बहुतेक जण कमरेऐवजी पायांनी जमीन रेटतात आणि आठवडाभर केलेले वाया जाते.

दुसरा: त्याच स्थितीत एक मांडी मागून धरून गुडघा छातीकडे आणावा आणि पंधरा ते वीस सेकंद थांबावे. प्रत्येक पाय तीन वेळा, मग दोन्ही पाय एकत्र. गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून ओढू नये.

तिसरा: खुर्चीवर पाय फाकवून बसावे, हात सावकाश घोट्यांकडे न्यावेत, दहा सेकंद थांबावे आणि हातांनी मांड्यांवर रेटा देत वर यावे. पाच वेळा. चक्कर येत असेल तर हा व्यायाम वगळावा.

चौथा: खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि बसणे, सुरुवातीला पाच वेळा, हळूहळू दहा. हा कमरेसाठी नसून मांड्यांसाठी आहे. दमलेल्या मांड्यांचा माणूस ताठच चालतो आणि अडकतो.

सावधान: भुजंगासन, शलभासन, धनुरासन, चक्रासन आणि सूर्यनमस्कारातील मागे झुकण्याची स्थिती टाळावी. पाठदुखीवरचे म्हणून पाहिलेले व्यायाम बरेचदा हेच असतात. ज्यांची उंची कमी झाली आहे किंवा मणक्याचे हाड पूर्वी चेपले आहे, अशा वयस्क स्त्रियांनी पुढे वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

तपासून घ्यावे: व्यायामानंतर कमरेत थोडा ताण जाणवला तर चालेल. पायातील कळ किंवा बधिरपणा वाढून तासाभरानंतरही टिकला, तर दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करावी. तरीही तसेच झाले, तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्यावे.

*चालणे.* सहा मिनिटांनी पाय भरत असतील, तर चार मिनिटेच चालावे, दोन मिनिटे पुढे झुकून बसावे आणि पुन्हा चार मिनिटे चालावे. अशा चार फेऱ्या कराव्यात. आठवडाभर त्रास झाला नाही, तर प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवावे. पाय पूर्ण जड होईपर्यंत रेटत राहणे ही जिद्दी माणसांची चूक आहे, आणि आपल्याकडे तशी माणसे पुष्कळ आहेत. सायकल हातात धरून ढकलत चालल्यास अंग पुढे झुकते आणि अंतर वाढते. काठी टेकण्यास लाज वाटणाऱ्या पुरुषांना हा उपाय पटतो. सायकल चालवता येत असेल आणि तोल चांगला असेल, तर सपाट रस्त्यावर जरूर चालवावी. पावसाळ्यात काळी माती चपलेला लोंदा होऊन चिकटते आणि बधिर पायाचा माणूस हमखास घसरतो. त्या दिवसांत वावराची वाट सोडून डांबरी रस्त्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात चालावे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटोपावे.

कमरेचा पट्टा लांब चालताना किंवा एसटीच्या प्रवासात तात्पुरता बांधण्यास हरकत नाही. दिवसभर बांधून ठेवल्यास पोटाचे आणि पाठीचे स्नायू आळशी होतात.

टप्पा ७: औषधे आणि इंजेक्शने

औषधांनी नळी रुंद होत नाही. त्यांचा उपयोग चालणे आणि व्यायाम शक्य व्हावेत, एवढ्यापुरता आहे. पॅरासिटामॉल सांगितलेल्या मात्रेत तुलनेने सुरक्षित आहे, परंतु रोज दारू पिणाऱ्याने त्याबाबतही डॉक्टरांना विचारावे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाणे हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्यांना त्या घातक ठरू शकतात. आणि मे महिन्यात पुरेसे पाणी न पिता उन्हात काम करणाऱ्याच्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार आणखी पडतो. गॅबापेन्टिन किंवा प्रिगॅबालिन दिले असेल, तर सुरुवातीला गुंगी येते, रात्री उठताना पडण्याची भीती असते, आणि ती गोळी एकदम बंद करायची नसते. बी-१२ ची इंजेक्शने ते जीवनसत्त्व कमी असेल तरच घ्यावीत.

सावधान: एका दिवसात धावायला लावणाऱ्या बिननावाच्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे ही त्याची किंमत असते. बरेच महिने घेतली असेल, तर ती अचानक न थांबवता डॉक्टरांना दाखवून बंद करावी.

मणक्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन तज्ज्ञाने, शक्यतो यंत्रावर सुई पाहत, रुग्णालयात द्यायचे असते. काहींना त्याने काही आठवडे ते काही महिने पायांची कळ कमी होते, काहींना काहीच होत नाही. मधुमेहींची साखर नंतर काही दिवस वाढते. आराम पडला, तर त्या काळात चालणे वाढवावे. पोती उचलू नयेत.

टप्पा ८: शस्त्रक्रियेचा निर्णय

ताकद घटत असेल तर वाट पाहू नये. अन्यथा तीन महिने वरील सर्व प्रामाणिकपणे केल्यानंतर नोंदवही उघडावी. दाणे कमी झाले किंवा तेवढेच आहेत आणि जगणे चालले आहे, तर तेच चालू ठेवावे. दाणे वाढत असतील, बाजाराला, देवळात, शेजारी जाणेही बंद झाले असेल, आणि फिल्मशी तक्रार जुळत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे. वय सत्तरीचे आहे एवढ्याच कारणाने नकार देऊ नये. हृदय, फुप्फुसे आणि साखर कशी आहे, याला अधिक महत्त्व आहे.

मूळ शस्त्रक्रिया म्हणजे नसांवर दाब देणारे हाड आणि जाड अस्थिबंध काढून जागा करणे. मणका सरकत असेल किंवा जागा करताना अस्थिर होणार असेल, तेव्हा रॉड आणि स्क्रू लागतात. प्रत्येकाला लागत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारावे: कोणत्या मणक्यांवर करणार, स्क्रू लावणार असाल तर कशासाठी, रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवायची, आणि पायांच्या व कमरेच्या दुखण्यापैकी कशाला किती आराम अपेक्षित आहे. पायांची कळ आणि चालणे सुधारण्याची शक्यता चांगली असते, कंबरदुखी कमी होईलच असे नाही, आणि जुना बधिरपणा सर्वांत शेवटी जातो किंवा राहतो. हे आधी माहीत नसल्यामुळे यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही घरे नाराज होतात. मनात शंका असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

तयारीत खर्रा, तंबाखू आणि विडी काही आठवडे आधी पूर्ण बंद करणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तंबाखूने जखम भरणे आणि हाड जुळणे दोन्ही मंदावते. साखर आटोक्यात आणावी. घरी उंच खाट, शौचासाठी खुर्ची आणि न्हाणीत भिंतीला धरायला दांडा आधीच बसवून घ्यावा; रुग्ण घरी आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. तेव्हा घाबरून ‘राहू द्या’ म्हणू नये. पहिले सहा आठवडे कंबरेतून वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे टाळावे. भरलेली घागरसुद्धा या काळात जड समजावी. वावरातील काम केव्हा सुरू करायचे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठरवावे; स्क्रू लावले असतील, तर हा काळ काही महिन्यांचा असतो. जखमेतून पाणी किंवा पू, ताप, पोटरीला सूज, नव्याने आलेली कमजोरी किंवा अडलेली लघवी यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जावे.

घरी आल्यावर चालणे पहिल्या दिवसापासून अंगणातल्या फेऱ्यांनी सुरू करावे आणि टप्पा ३ मधील नोंद पुन्हा उघडावी, त्याच रस्त्याने, त्याच खांबांनी, त्याच दाण्यांनी. फेरतपासणीला जाताना फिल्मच्या पिशवीत ती दिनदर्शिका सर्वांत वर ठेवावी.